ॲक्सेस लॉग आणि मिडलवेअरचा लॉग: एका विनंतीच्या दोन नोंदी

मंत्रालयात काम घेऊन आलेल्या माणसाची नोंद दोनदा होते: एकदा प्रवेशद्वारावर पास काढताना आणि पुन्हा कक्षातल्या आवक-जावक नोंदवहीत त्याचा अर्ज चढताना. सर्व्हरवर येणाऱ्या विनंतीचेही तसेच आहे. दाराशी बसलेला एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर ॲक्सेस लॉग लिहितो आणि आतल्या ॲप्लिकेशनमधले मिडलवेअर, म्हणजे मूळ कामाच्या आधी आणि नंतर प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो कोडचा थर, आपली वेगळी नोंद करते. दोन्हींत मार्ग, वेळ आणि स्टेटस कोड दिसत असल्यामुळे, एक असताना दुसरी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

लोअर परळच्या एका कार्यालयात आमचाही हाच समज होता. अहवाल उघडत नाही, अशी ग्राहकांची तक्रार होती. मिडलवेअरच्या लॉगमध्ये मात्र त्या प्रत्येक विनंतीपुढे २००, म्हणजे यशस्वी उत्तराचा कोड होता. दोन दिवस आम्ही ग्राहकांच्या नेटवर्कला दोष देत राहिलो. मग कोणीतरी ॲक्सेस लॉग उघडला, तर त्याच विनंत्यांपुढे ५०४, म्हणजे मागच्या सर्व्हरचे उत्तर वेळेत न आल्याचा कोड! अहवाल तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर सेकंद लागत होते, आणि मागच्या सर्व्हरकडून काहीच आले नाही, तर एनजिनएक्स मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंदच वाट पाहतो. दारावरच्या माणसाने अर्जदाराला केव्हाच परत पाठवले होते आणि आतला कारकून त्यानंतर अर्ज मंजूर झाल्याचा शेरा मारत होता. दोघेही खरेच लिहीत होते.

दारातूनच परतलेल्या विनंत्यांची तर आतल्या वहीला गंधवार्ताही नसते. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी असल्यामुळे त्याहून मोठी फाइल पाठवणाऱ्याला ४१३, म्हणजे मजकूर फार मोठा असल्याचा कोड, मिळतो आणि ॲप्लिकेशनपर्यंत काहीच पोहोचत नाही. लोकलमध्ये उभ्याने पान उघडून, उत्तर येण्यापूर्वीच कंटाळून ते बंद करणाऱ्या प्रवाशाची विनंती ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ म्हणून उमटते; हा एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे. वेळेच्या आकड्यांतही असाच फरक पडतो. एनजिनएक्स मोजतो तो काळ ग्राहकाकडून पहिला बाइट वाचल्यापासून शेवटचा बाइट पाठवून लॉग लिहीपर्यंतचा असतो (नेहमीच्या कम्बाइन्ड मांडणीत हा आकडा नसतो, तो मुद्दाम घालावा लागतो), तर मिडलवेअरला स्वतःच्या आतल्या थरांत गेलेला वेळच कळतो. म्हणूनच अशा थरांच्या साखळीत ते कितव्या क्रमांकावर बसवले आहे, याला महत्त्व असते.

मिडलवेअरचे बळ वेगळे आहे: लॉगिन केलेला वापरकर्ता कोण, कोणता एक्सेप्शन (कोड चालताना उद्भवलेली चूक) आला, विनंतीच्या आत काय होते, हे त्यालाच ठाऊक असते. मात्र विनंतीचा मजकूर प्रवाहासारखा येतो. मिडलवेअरने तो वाचून संपवला आणि बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जपून पुन्हा आरंभी आणून ठेवला नाही, तर पुढच्या कोडच्या हाती रिकामे पाकीट लागते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमध्ये २०२१ च्या ६ व्या आवृत्तीपासून अशा नोंदीसाठी तयार मिडलवेअर आहे. मजकूर नोंदवायला सांगितला तरी ते ठरावीक मर्यादेपर्यंतच, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे ३२ केबीपर्यंत, नोंदवते आणि परवानगीच्या यादीत नसलेल्या हेडरांची (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींची) मूल्ये झाकते. ही सावधगिरी योग्यच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे मजकुरासोबत नोंदवला गेलेला ओटीपी किंवा आधार क्रमांक सहा महिने तिथेच पडून राहतो. माझ्या मते चालू सर्व्हरवर मजकुराची नोंद बंदच असावी आणि एखाद्या अडचणीपुरती, एखाद्या मार्गापुरती उघडावी. ॲक्सेस लॉगही याबाबतीत अगदी निष्पाप नाही, कारण यूआरएलच्या प्रश्नचिन्हापुढे लिहिलेला मोबाइल क्रमांक त्यात जसाच्या तसा उतरतो.

दोन्ही नोंदी जुळवायच्या तर दारावरच विनंतीला क्रमांक द्यावा. एनजिनएक्स ३२ अक्षरी ओळखक्रमांक तयार करून देतो. तो हेडरमधून आत पाठवून मिडलवेअरनेही लिहावा. केवळ वेळेवर विसंबू नये, कारण सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर असताना ॲप्लिकेशन अनेकदा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, लिहिते, आणि मग मुंबईत रात्री सव्वाबाराला आलेली विनंती आतल्या लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या संध्याकाळी पावणेसातला, बहुधा दुसऱ्याच फाइलमध्ये, सापडते.