कमळजेची यात्रा आणि लोणारचं पाणी

घटस्थापना जवळ आली की लोणारच्या पंचक्रोशीत एकच चौकशी सुरू होते: पाणी कुठवर आलं? धरणाच्या गावात दरवाजे उघडले का म्हणून विचारतात, इथं देवीच्या पायऱ्या उघड्या आहेत का ते विचारतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या कमळजामातेचं दगडी देऊळ विवराच्या तळाशी, खाऱ्या सरोवराच्या अगदी काठावर आहे. नवरात्रात यात्रा भरते तीही तिथंच.

विवराचा घेर समजला नाही तर पुढचं सगळं अधांतरी राहतं. काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्केच्या आघातानं पडला. पूर्वी तो ज्वालामुखीचा समजत. अतिप्रचंड दाबाखालीच तयार होणारा मॅस्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ इथल्या खडकांत सापडला आणि 1970 च्या दशकात तो वाद मिटला. वयाचा वाद मात्र अजून आहे. एका पद्धतीनं सुमारे 52 हजार वर्षं निघतात, दुसरीनं साडेपाच लाखांच्या वर. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच: या खड्ड्याला पाणी बाहेर जायला वाट नाही. पावसाचं पाणी उतारावरून आत येतं, ‘धार’ नावाच्या झऱ्याचं आणि इतर झऱ्यांचं पाणी बारमाही येतं, आणि जातं ते फक्त उन्हानं. क्षार मागे राहतात. सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त आहे ते म्हणून.

पुराणकथेत याचं उत्तर लवणासुर. तो जमिनीखाली लपून छळ करी. विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींना मोहात पाडून लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण लांब ढाकेफळजवळ जाऊन पडलं, तीच तिथली टेकडी, असं जुने लोक सांगतात. दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव देऊळ वर गावात आहे, आणि लक्ष्मीचं रूप मानलेली कमळजा खाली पाण्याशी. देव वर, देवी खाली! या विभागणीचं कारण कुणी नीट सांगत नाही, पण यात्रेला माणसं खाली उतरतात, हे खरं.

देऊळ हेमाडपंती म्हणतात. विदर्भात कुठलंही जुनं दगडी देऊळ हेमाडपंती ठरतं, तेव्हा त्या शब्दावर फार भार टाकू नये. लोणारचा देवळांचा पसारा मुख्यत्वे चालुक्य-यादव काळातला आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रातही लोणारच्या लीळा आहेत. म्हणजे तेराव्या शतकात हे क्षेत्र नावारूपाला आलेलंच होतं.

पण काठावर केवळ भाविकच येत नव्हते. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत या जागेची नोंद आहे: काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो, आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मजूर तळातला खार काढत. त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. निजामाच्या अमलात हा धंदा चालला, 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावरही त्याच्या नोंदी सापडतात. एकाच काठावर दोन हंगाम होते असं म्हणायला हरकत नाही: वैशाखात खाराचा, आश्विनात देवीचा.

खरी अडचण या आश्विनातच आहे. यात्रा येते पावसाळा संपता संपता, म्हणजे सरोवर सर्वांत भरलेलं असताना. कमी पावसाच्या वर्षी देवळापुढं भरपूर जागा उघडी असते, ओटी भरायला आलेल्या बायका निवांत बसतात. जास्त पावसाच्या वर्षी पाणी पायऱ्यांशी येतं. देवळाजवळची सासू-सुनेची विहीर हा इथला जुना मापदंड. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, म्हणून हे नाव. पाणी वाढलं की ही विहीरच बुडते, आणि ओसरलं की पुन्हा दिसते.

गेल्या वीस वर्षांत ही चढउतार फार ठळक झाली. 2006 मध्ये सरोवर एवढं आटलं की तळावर क्षाराचे स्फटिक दिसू लागले. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, त्यात हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव वाढले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्यानंतर मात्र चक्र उलटं फिरलं. पाणी चढत राहिलं आणि कमळजेच्या देवळापर्यंत पोचलं.

विवराचा परिसर अभयारण्य आहे, त्यामुळे यात्रेच्या वाटेवर वनखात्याचे नियम लागू होतात. दाट झाडी आणि बिबट्याचा वावर पाहता अंधार पडायच्या आत वर यावं, हे गावकरीही सांगतात. मनासारखी डागडुजी करून वाट किंवा ओटा बांधणं इथं कुणाला शक्य नाही. काहीजणांना वाटतं की पाणी उपसावं आणि देऊळ मोकळं करावं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण झऱ्यांचं गोडं पाणी वाढलं की खारटपणा पातळ होतो आणि त्या खाऱ्या पाण्यावर जगणारे सूक्ष्मजीव अडचणीत येतात. उपसा करायचा तर पाण्यासोबत क्षारही बाहेर जाणार. देवळाच्या पायऱ्या आणि सरोवराचा खारटपणा, दोन्ही प्रश्न एकाच पाण्याचे आहेत, तरी बैठकांत ते वेगवेगळ्या खात्यांकडे जातात.