‘एवढंही येत नाही का?’

सकाळची पाळी सुरू होताना रात्रीची सिस्टर ओव्हर देते: कोणाला कोणतं सलाईन चालू आहे, कोणतं इंजेक्शन कधी दिलं, लघवी किती झाली. सुरगाणा-पेठकडून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून नाशिकला नोकरीला लागलेल्या मुलीची एखादी नोंद राहून जाते आणि अख्ख्या वॉर्डासमोर तिला ऐकावं लागतं, ‘एवढंही येत नाही का? कुठून शिकून आलीस?’ मग तिच्या वाट्याला लागोपाठ नाईट येतात, सुट्टी कापली जाते, चहाला कोणी हाक मारत नाही. सगळ्याच वॉर्डांत असं चालत नाही. जिथे चालतं, तिथे मात्र उत्तर ठरलेलं असतं: ‘आम्हीही असंच शिकलो.’

स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी १९८०च्या दशकात कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांकडून होणाऱ्या अशा छळाचा अभ्यास केला. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चालणारा त्रास, ही त्यांची कसोटी. पण नुकसान व्हायला सहा महिने लागत नाहीत. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ चमूंवर झालेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एक डॉक्टर आणि दोन परिचारिकांच्या प्रत्येक चमूला आतड्याच्या गंभीर आजाराने खालावत चाललेल्या बाळाचा सराव-प्रसंग दिला होता. काही चमूंना बाहेरून आलेल्या ‘तज्ज्ञा’ने आधी थोडं तुच्छतेनं बोलून घेतलं, शिवीगाळ नव्हे, नुसते टोमणे. त्या चमूंचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. त्यांनी एकमेकांना माहिती कमी दिली, मदत कमी मागितली.

अपमान मनात घोळत राहिला की हातातल्या कामासाठी लागणारी स्मरणशक्ती त्यातच अडकते. ताणामुळे नॉरअ‍ॅड्रेनलीन वाढून मेंदूच्या पुढच्या भागाचं, म्हणजे विचार करून निर्णय घेणाऱ्या भागाचं काम मंदावतं.

आता इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची केशरी. १००च्या बाटलीतलं औषध ४०च्या सिरिंजच्या खुणांवर मोजलं तर डोस अडीचपट जातो आणि पेशंटची साखर धोकादायक खाली येऊ शकते. रात्री तीन वाजता शंका आली, तर ‘सिस्टर, जरा बघता का?’ एवढं विचारणं पुरतं. सकाळी चारचौघांत पाणउतारा झालेली मुलगी ते विचारत नाही. तिचं गप्प बसणं पेशंटला भोवतं, म्हणून मला हा प्रश्न स्वभावाचा किंवा शिस्तीचा वाटतच नाही.

दोष वॉर्डाच्या एकट्या इन्चार्ज सिस्टरचाही नसतो. वरून डॉक्टर ओरडतात, स्टाफ अपुरा असतो. सुझन रॉबर्ट्स यांनी नर्सिंगबद्दल लिहिताना १९८३ सालीच मांडलं होतं की दबलेल्या गटातला राग वर जात नाही, आपल्यातल्याच माणसांवर निघतो.

लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे. सहकाऱ्यांकडून होणाऱ्या या छळासाठी मात्र वेगळा कायदा नाही.

उपाय अगदी साधा असू शकतो. अमेरिकेत मार्था ग्रिफिन यांनी २६ नव्या परिचारिकांना अशा वेळी काय बोलायचं याची वाक्यं कार्डांवर लिहून दिली आणि सराव करून घेतला. तो अभ्यास २००४ साली आला. समोर शांतपणे बोलल्यावर त्रास थांबल्याचं मुलींनी सांगितलं. राज्यातल्या बीएस्सी नर्सिंगची परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. सलाईन लावायचा सराव होतो तसा याही बोलण्याचा सराव प्रात्यक्षिकांत घ्यायला हवा, आणि वॉर्डाची ड्युटी लिस्ट एकट्या इन्चार्जच्या मर्जीवर सोडायला नको.