लहान मुलं दिवसभर पळतच असतात?

"लहान मुलं एका जागी बसतात कुठे? त्यांना वेगळा व्यायाम कशाला?" पाळणाघर किंवा बालवाडीचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. हा गैरसमज आहे. मूल चुळबुळ करतं म्हणजे त्याची पुरेशी हालचाल होते असं नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातली ६० मिनिटं तरी जोमाच्या खेळाची हवीत. रांगायला न लागलेल्या बाळांनाही जागेपणी, थोडं थोडं करून, किमान ३० मिनिटं पालथं ठेवायचं.

आता पाळणाघरातला दिवस बघा. हात धुवायची रांग, डबा, गोष्ट, चित्रं रंगवणं, झोप, पुन्हा रांग. बसण्या-थांबण्याचा वेळ असा नकळत साठत जातो. रांगेत जे मूल हलतं, तेच ओरडा खातं, हे मला फार खटकतं. त्याच मुलांना बेडूकउड्या मारत नळापर्यंत जाऊ द्या. गोष्टीत हत्ती आला की सगळ्यांनी उठून डुलत चालायचं. जागा कमी असेल तर टेबलं भिंतीला सरकवा. ताई स्वतः खेळात उतरल्या की कोपऱ्यात बसून राहणारी मुलंही हळूहळू सामील होतात. दिवसभर गप्प बसणाऱ्या या मुलांकडेच आपलं सर्वांत कमी लक्ष जातं.

आणि मस्ती केली म्हणून खेळाची सुट्टी कापणं तर आधी बंद करा.