दोन फुटी टाकी, बोअरचं पाणी आणि सिक्लिड

उजनीची चिलापी खाल्ली नाही असा मासेखाऊ सोलापूरकर विरळाच. ही चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची, सिक्लिड कुळातली. दुकानात ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्न म्हणून जे मासे मिळतात ते तिचेच भाऊबंद.

फसगत होते ती दुकानातच. दोन बोटांएवढं ऑस्करचं पिल्लू भारी गोड दिसतं, पण वर्ष-दीड वर्षात ते फुटाजवळ जातं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी ५६-५७ लिटरच पाणी मावतं. तिथे त्याची वळायचीही पंचाईत.

मी मात्र आकाराच्याही आधी पाण्याचा विचार करतो. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे टाकीत जातं ते बोअरचंच पाणी. ते जड. बादलीला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरलेलं असतं. रॅम हा देखणा सिक्लिड ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, मऊ आणि आम्लधर्मी पाण्याचा. त्याला हे मानवत नाही. (दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणतो, ते सोडा.)

टांगानिका सरोवराचं पाणी मात्र मुळातच जड, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ९ च्या जवळपास. तिथला निओलॅम्प्रोलोगस मल्टीफॅसिएटस, म्हणजे शौकिनांचा ‘मल्टी’, आपल्या टाकीत बरोबर बसतो. नर साडेचार सेंटिमीटरचा, मादी तीनची. घर म्हणजे गोगलगायीचा रिकामा शंख. दोन इंच बारीक वाळू आणि डझनभर शंख टाकले की काम सुरू. वाळू तोंडात भरायची, लांब नेऊन थुंकायची, असं करत शंख अर्धा पुरतात. अंडीही आतच. काचेवर बोट आपटलं की सगळे गडप, मग एकेक डोकं बाहेर.

खरी कसोटी मे महिन्यात. पारा चाळिशी ओलांडतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जड, अल्कधर्मी पाण्यात जास्त घातक ठरतो. पीएच ७ चा ८ झाला तर त्याचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो, उष्म्याने आणखी वाढतो. म्हणून उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर, हवेचा पंप चोवीस तास.

झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठाचंच तत्त्व, आणि आपली कोरडी हवा इथे कामी येते. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. भर म्हणून पुन्हा बोअरचं ओतलं तर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने होते, आणि घरातली भांडणं त्या तांब्यावरूनच होतात.