मोसंबी-चंदन: विकत घेण्याआधी वाचा, घेतल्यावर जपून ठेवा

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी एकच प्रश्न विचारतात: "फवारल्या फवारल्या मोसंबीचा काय झकास वास येतो! मग अर्ध्या तासात तो जातो कुठे?" प्रश्न रास्त आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला एक भाग डोळ्यांदेखत उडून गेला, तर भेसळीची शंका येणारच. आमच्या मोसंबी-चंदन या फवारायच्या सुगंधाचं हे माहितीपत्रक मुख्यतः त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. मोसंबीचा वास उडतो, तो उडणारच, आणि या सुगंधाची खरी गंमत तो उडत असतानाच कळते.

मोसंबी सोललीत की सालीचा एक तुकडा उजेडासमोर धरा आणि बोटांनी दुमडा. सालीतून बारीक तुषार उडालेला दिसेल. लहानपणी तो भावंडांच्या डोळ्यांत उडवून मार खाल्लेले लोक आपल्याकडे घरोघरी सापडतील. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. आतल्या पांढऱ्या सालपटात हे तेल नसतं, ते सगळं बाहेरच्या रंगीत थरात. या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनीन नावाचं एकच द्रव्य असतं. ते वजनाने हलकं, म्हणून चटकन हवेत जातं आणि नाकापर्यंत सगळ्यात आधी पोचतं. पहिला झपाटा त्याचा, आणि पहिला निरोपही त्याचाच.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. अंबड, घनसावंगी, पैठण या भागांत बागा धरणाऱ्यांना तिचं मोल वेगळं सांगायला नको. पण बाजारात भाव होतो तो फळाचा. रस काढला की साल उकिरड्यावर जाते, आणि सुगंध तर सगळा सालीत! आम्हाला हा सुगंध करावासा वाटला त्याचं निम्मं कारण हेच आहे. नुसत्या मोसंबीच्या तेलाचा वास गोड आणि थोडा भाबडा असतो. म्हणून त्याला इटलीतल्या कलाब्रिया भागातल्या बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाची जोड दिली आहे. त्याने कडवटपणा येतो आणि फुलांची झाकही. शिवाय कडू संत्र्याची पानं आणि कोवळ्या काड्या यांच्या अर्काचे मोजके थेंब आहेत. बागेत शिरल्यावर फळाआधी पाल्याचा जो हिरवा वास येतो, तो यातून मिळतो.

आता चंदन. चंदनाचं झाड उभं असताना त्याच्याजवळ जाऊन हुंगलंत तर काहीच वास येत नाही. पानाला नाही, फुलाला नाही, सालीला नाही. वास आहे तो गाभ्याच्या लाकडात आणि मुळांत. झाड काही वर्षांचं झाल्याशिवाय गाभा धरत नाही आणि भरपूर तेल असलेला गाभा तयार व्हायला दोन-तीन दशकं लागतात. शिवाय हे झाड अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्याकडून अन्नपाणी घेतात, म्हणून चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात. आपल्याकडे ज्यांनी बांधावर किंवा शेतात चंदन लावलंय त्यांना हे माहीत आहे. हे लाकूड तोडायला परवानगी लागते. गाभ्याचा भुगा करून त्याला वाफ देऊन तेल काढायचं काम बरेचदा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतं. आमच्या बाटलीची किंमत जास्त का, याचं उत्तर बहुतांशी इथे आहे.

देवघरात सहाण आणि चंदनाचं खोड असेल तर एक करून पाहा. कोरडं खोड नाकाशी धरा, वास जेमतेम येईल. मग सहाणेवर चमचाभर पाणी घालून ते गोल गोल उगाळा. थोड्याच वेळात दुधट, किंचित तुपकट, थंड असा वास हाताला लागतो आणि हात धुतला तरी रेंगाळतो. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने बारा वर्षं पाणी भरलं आणि गंध उगाळलं ही कथा आपल्यात घरोघरी सांगितली जाते. चंदनाच्या वासाशी आपली ओळख इतकी जुनी आहे, आणि ती अशी हात लावून झालेली आहे.

या वासाचा कर्ता सँटालॉल, चंदनाच्या तेलातलं मुख्य द्रव्य. लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, तर सँटालॉलला ३०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून तो सावकाश सुटतो, कातडीवर बसून राहतो आणि सोबतच्या हलक्या वासांनाही थोडं धरून ठेवतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तरवाल्यांना हे कित्येक पिढ्यांपासून माहीत आहे. देगेत, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, फुलं उकळायची आणि त्यांची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात चंदनाच्या तेलावर उतरवायची, ही त्यांची रीत. तिकडे जर्मनीतल्या कोलोन शहरात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरीना या इटालियन माणसाने लिंबूवर्गीय तेलं मद्यार्कात मिसळून आपलं सुगंधी पाणी विकायला सुरुवात केली. ते ताजंतवानं करणारं, पण लवकर विरणारं. आमचा सुगंध या दोन वाटा जिथे मिळतात तिथे उभा आहे.

तो अंगावर असा उलगडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं साल: आंबट, उजळ, थोडी तिखट. त्यानंतरचा तासभर आमचा सगळ्यात आवडता. साल मावळत असते, चंदन वर येत असतं, आणि कडवटपणा दुधट वासावर तरंगत राहतो. हा मेळ दोन्ही तेलं वेगवेगळी हुंगून कळत नाही. पुढे संध्याकाळपर्यंत चंदन, अगदी अंगालगत. म्हणून दुकानात कागदी पट्टीवर हुंगून लगेच ठरवू नका. मनगटावर लावा, गुलमंडीच्या बाजारात चक्कर मारून या, मग सांगा.

काहींना दुपारनंतर वाटतं की वास संपला. बहुतेक वेळा आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. शेजारी बसलेल्याला विचारा, त्याला येत असतो.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. पारा चाळीसच्या वर गेला की सालीचा भाग आणखी लवकर उडतो आणि कोरडी कातडी सुगंध फार वेळ धरत नाही. आंघोळीनंतर मनगटाला, मानेला खोबरेलाचं बोट फिरवा आणि त्यावर लावा, फरक जाणवेल. मनगटं एकमेकांवर चोळू नका. चोळल्याने कातडी तापते आणि पहिला भाग वाया जातो. पैठणीवर किंवा हिमरू शालीवर थेट फवारू नका, रेशमावर डाग पडतो आणि जरीची तार काळी पडू शकते. आधी अंगावर लावा, वाळू द्या, मग साडी नेसा. अत्तरासारखा कानात फाया ठेवायचा असेल तर मात्र हा सुगंध त्यासाठी नाही, यात मद्यार्क आहे.

त्वचेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बर्गामोटच्या कच्च्या तेलात बर्गॅप्टिन नावाचं द्रव्य असतं. ते अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. आम्ही बर्गॅप्टिन काढलेलं तेलच वापरतो. तरीही नाजूक त्वचा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. चंदनाबद्दलही मोकळेपणाने सांगतो: यात नैसर्गिक तेल आहे आणि त्यासोबत प्रयोगशाळेत तयार केलेलं चंदनगंधी द्रव्यही आहे. नैसर्गिक तेल खोल असतं पण दूर पोचत नाही, दुसरं त्याला थोडा पल्ला देतं. "शंभर टक्के शुद्ध चंदन" असं आम्ही बाटलीवर लिहीत नाही, कारण ते खरं ठरणार नाही.

बाटली खोक्यातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. स्कूटीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेपाशी नको. ऊन आणि हवा लागली की लिमोनीन बिघडतं, वास उग्र होतो आणि तेच बिघडलेलं तेल त्वचेला खाज आणतं. निरंजन, गॅस यांच्याजवळ फवारू नका.

मोठी बाटली घेण्याआधी छोटी नमुन्याची कुपी न्या आणि आठवडाभर वापरून पाहा. कुपीचे पैसे मोठ्या बाटलीच्या किमतीतून वळते करून देऊ. फवारा अडकला किंवा गळू लागला तर बाटली घेऊन या, बदलून देऊ.