‘पेटंट औषध’ म्हणजे पेटंट मिळालेले औषध नव्हे

व्हिक्टोरियाकालीन ब्रिटनमधील ‘पेटंट औषधे’ (गुप्त कृतीने बनवून ठरावीक नावाने विकली जाणारी तयार औषधे) सरकारने तपासून पेटंट दिलेली असत, हा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. पेटंट घ्यायचे तर घटक उघड करावे लागत, आणि ही औषधे विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे खरे भांडवल गुपित हेच होते. म्हणून बहुतेकांनी पेटंटच्या वाटेला न जाता नाव, वेष्टन आणि जाहिरात यांवरच भिस्त ठेवली.

गैरसमजाला खतपाणी घातले ते सरकारी मुद्रांकाने. १७८३ पासून अशा औषधांवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून डबीवर मुद्रांक चिकटवलेला असे; ही निव्वळ कराची पावती अनेक ग्राहकांना गुणवत्तेची हमी वाटे.

बीचमच्या गोळ्या या अशाच एका पेटंट औषधाचे पाहा. ‘डबीचे मोल एक गिनी’ (म्हणजे २१ शिलिंग) अशी जाहिरात असलेली ही डबी एक शिलिंग दीड पेनीला मिळे, आणि त्यातील दीड पेनी म्हणजे हाच कर. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणात या गोळ्यांत काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण एवढेच आढळले. ५६ गोळ्यांच्या द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. रेचक म्हणून गोळी लागू पडे, हे मान्य केलेच पाहिजे. जाहिरातीतील इतर असंख्य व्याधींवरच्या दाव्यांना मात्र काडीचाही आधार नव्हता.