उकळी दिली की दोष गेला? एका जुन्या समजुतीची पार्श्वभूमी

मे महिन्यातलं लग्न. रात्रीची पंगत उठली आणि गंजभर वरण उरलं. सकाळी पळी घालून वर उचलली तर वरणाला बारीक तार सुटलेली, वासही आंबूस. घरातली म्हातारी म्हणते, “एक उकई येऊ दे, काई होत नाई.” चुलीत चार पऱ्हाट्या सरकतात आणि गंज पुन्हा वर चढतो.

ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या विदर्भात, फ्रिज नसलेल्या घरांत, अन्न टिकवायचं साधन म्हणजे चूलच. वरणाला सांज-सकाळ उकळी, दूध दिवसातून दोन-तीनदा तापवायचं. चांगल्या अन्नाला वेळेवर दिलेली उकळी ते खरोखरच टिकवते. गल्लत पुढे झाली. टिकवणारी उकळी नासलेलंही सुधारते, असं मानलं जाऊ लागलं.

युरोपातही हा गुंता सुटायला शंभरेक वर्षं लागली. निकोला आपेर या फ्रेंच माणसाने 1810 मध्ये बंद बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून अन्न टिकवायची रीत छापली. ते का टिकतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. 1860 च्या दशकात लुई पाश्चर यांनी नासण्यामागे सूक्ष्मजंतू असतात आणि उष्णतेने ते मरतात, हे दाखवलं. मग 1876 मध्ये फर्डिनांड कोन यांना गवताच्या काढ्यात उकळूनही न मरणारे बीजाणू, म्हणजे जंतूंची कवचात झोपलेली रूपं, सापडले. म्हणजे उकळीने सगळेच जंतू मरत नाहीत, हे कळलं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर कळली: जंतू मेला तरी त्याने अन्नात सोडलेलं विष तिथेच राहू शकतं. 1914 मध्ये फिलिपिन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाने एका गाईच्या दुधाचा छडा लावला. ताजं दूध बाधत नसे, पण काही तास बाहेर राहिलेलं बाधायचं. त्यांनी ते स्वतः पिऊन पाहिलं आणि आजारी पडले. त्यामागचा स्टॅफिलोकोकस हा जंतू आपल्या नाकात, हातावरच्या जखमेत असतो. वाढप्याच्या हातातून तो अन्नात उतरतो, गरम हवेत वाढतो आणि विष सोडतो. अर्धा तास खळखळ उकळलं तरी ते विष पुरतं जात नाही. सगळीच विषं इतकी चिवट नसतात. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष उकळीने मोडतं, पण ते सोडणाऱ्या जंतूचे बीजाणू तगतात. घरात बसून कुठलं विष कुठलं, हे ओळखणार कसं?

मला जास्त काळजी भाताची वाटते. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन लोकांना ओकाऱ्या झाल्या. भात आदल्या दिवशी शिजवलेला, रात्रभर बाहेर ठेवलेला आणि ऐनवेळी तव्यावर परतलेला होता. म्हणजे आपला फोडणीचा भातच! बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, कोमट ढिगात जागे होतात, आणि त्यांचं विष 121 अंशांवरही टिकतं. मोहरी तडतडली म्हणून ते जात नाही. पंगतीचा ढीग तर मधोमध कितीतरी तास कोमट राहतो. भात रात्रीच पसरट परातींत काढून लवकर निववला आणि थंड जागी ठेवला, तरच सकाळच्या फोडणीला अर्थ आहे.

आंबील मात्र यात धरू नये. तिथे आंबट करणारे जंतू आपण मुद्दाम वाढवतो, आणि तो आंबटपणाच वाईट जंतूंना आवरतो.

धान्याची गोष्ट याहून कठीण. परतीच्या पावसात भिजलेली ज्वारी काळी पडते. ती निवडून, धुऊन, दळून भाकरी थापली जाते. भाजल्यावर बुरशी मरते, पण अफ्लाटॉक्सिनसारखं बुरशीचं विष तव्याच्या आचेने पुरतं निघत नाही. 1974 च्या अखेरीस राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसाने भिजून बुरशी आलेला मका खाल्ला गेला. 397 जणांना कावीळ झाली, 106 दगावले. त्यांनीही तो शिजवूनच खाल्ला होता. घरातल्याच तुकड्यांवर जगणारी कुत्रीही त्या गावांत मेली.